पाण्यातली बेटे : बेळगाव–निपाणी सीमाभागातील जलजीवन आणि त्याच्या नोंदींचा इतिहास

एखाद्या बेटावर किती जाती नांदतील हे कशावरून ठरते, या प्रश्नाला जीवशास्त्राने दिलेले सर्वांत प्रभावी उत्तर रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांच्या १९६७ मधील द्वीप-जीवभूगोलाच्या सिद्धांतात सापडते. बेटाचा आकार आणि मुख्य भूमीपासूनचे त्याचे अंतर यांवर तेथे किती जाती येऊन टिकतील हे ठरते, हे या सिद्धांताचे सार होय. आणि जेथे बाहेरून येणे-जाणे जवळजवळ थांबते तेथे मागे राहिलेले जीव पिढ्यान्‌पिढ्या वेगळे होत जाऊन अन्यत्र न आढळणाऱ्या, म्हणजेच प्रदेशनिष्ठ, जाती निर्माण होतात, हा त्याला लागून असलेला उत्क्रांतीचा भाग होय. मात्र या अर्थाने बेट होण्यासाठी भोवती समुद्रच असावा लागतो असे नाही. पठारावर वेगळा पडलेला पाणथळ माथा, धबधब्याच्या वर अडकलेला ओढा किंवा एखाद्या देवळामागचे झऱ्याचे कुंड हेही त्यातील जीवांच्या दृष्टीने बेटच असते. बेळगाव आणि निपाणीच्या सीमाभागाला समुद्रकिनारा नाही, परंतु अशा बेटांची येथे रेलचेल आहे, आणि या प्रदेशातील जलजीवनाचा इतिहास त्यांच्या आधारानेच लिहावा लागतो.

या प्रदेशाची पहिली खूण म्हणजे त्याचा पाणलोट. खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वाहत कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागराला जाते. त्याच तालुक्यातील देगावच्या रानातून निघणारी म्हादई मात्र पश्चिमेकडे उतरून गोव्यात मांडवी होते व अरबी समुद्राला मिळते. एका तालुक्याच्या हद्दीत उगम पावणाऱ्या या दोन नद्यांतील मासे डोंगराच्या एका धारेमुळे परस्परांना अनोळखी राहिले. उत्तरेकडे मार्कंडेय, घटप्रभा, ताम्रपर्णी, हिरण्यकेशी, वेदगंगा आणि दूधगंगा या साऱ्या नद्या सह्याद्रीच्या अंगाने पूर्वेकडे उतरतात. आंबोलीला वर्षाकाठी सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर तेच पाणी पोटात घेऊन घटप्रभा जेथे पोहोचते तो गोकाकचा परिसर पर्जन्यछायेतला, माळरानांचा आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाची दक्षिण सीमाही याच पट्ट्यात येते. त्यापुढे कलादगी शैलसमूहातील कठीण वालुकाश्म सुरू होतो आणि त्याच्या कड्यावरून घटप्रभा गोकाक येथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. एवढी उंची येथील नद्यांतले बहुतेक मासे चढू शकत नाहीत. त्यामुळे धबधब्याच्या वरचे सारे खोरे, म्हणजे हिरण्यकेशी आणि ताम्रपर्णीसह घटप्रभेचा माथा, खालच्या कृष्णेतून चढून येणाऱ्या माशांना बंद झालेले एक विस्तीर्ण दालनच ठरते. वेदगंगा आणि दूधगंगा यांच्या वाटेत असा अडसर नाही; त्या निपाणी व चिकोडीच्या सखल, काळ्या मातीच्या प्रदेशातून संथपणे कृष्णेला मिळतात, म्हणून त्यांतील मत्स्यसृष्टी कृष्णेच्या मुख्य प्रवाहाशी जोडलेली राहिली.

या पाण्यांतील जीवांची लिखित दखल फार जुनी आहे. बेळगावचा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांच्या अमलाखाली असताना राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात संस्कृतमध्ये रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. त्यात माशांची विभागणी खवले असलेले व नसलेले, समुद्रातले व नदीतले अशी केलेली असून गळाने मासे धरण्याच्या कलेचे आणि त्यासाठी लागणाऱ्या आमिषांचे वर्णन आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध करून ते दख्खनच्या मत्स्यज्ञानाचे महत्त्वाचे साधन असल्याचे दाखवून दिले. राजाच्या करमणुकीसाठी लिहिलेल्या या मजकुरामागे त्याला मासे ओळखून देणाऱ्या, त्यांच्या सवयी सांगणाऱ्या नदीकाठच्या लोकांचे ज्ञान उभे असणार, हे उघड आहे. त्यांची नावे मात्र ग्रंथात आली नाहीत. पुढे सौंदत्तीच्या रट्टांनी वेणुग्राम म्हणजे आजच्या बेळगावला राजधानी हलवली. त्यांच्या काळातील, १२०४ च्या सुमाराची कमल बस्ती बेळगावच्या किल्ल्यात आजही उभी आहे आणि तिच्या छताला कोरलेले दगडी कमळ पाहणाऱ्याला खिळवून ठेवते. कमळ आणि कुमुद या वनस्पती तळ्यांच्या या मुलखात शिल्पकाराला परक्या नव्हत्या.

आधुनिक अर्थाने माशांची नोंद सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकात. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) याच्याकडे मुंबई सरकारने १८२४ पासून दख्खनची आकडेवारी गोळा करण्याचे काम सोपवले होते. या भटकंतीत त्याने दख्खनच्या नद्यांतील माशांचेही नमुने जमवले, त्यांची चित्रे काढून घेतली आणि लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्यांचे वर्णन मांडले. त्याने हाताळलेले नमुने मुख्यतः पुणे भागातील, भीमा आणि तिच्या उपनद्यांमधील होते. परंतु भीमा व कृष्णा एकाच नदीसंस्थेच्या शाखा असल्यामुळे त्याने वर्णिलेल्या अनेक जाती बेळगावच्या नद्यांनाही लागू पडतात. साइक्सचे वैशिष्ट्य असे की बहुतेक जातींना नावे देताना त्याने मच्छीमारांच्या तोंडची मराठी नावेच लॅटिन चौकटीत बसवली. त्यामुळे टॉर खुद्री हा दख्खनचा महासीर, गारा मुल्या हा मळ्या, स्पेराटा सिंघाला हा शिंगाळा आणि नुकटा हा नाकाडावर मांसल उंचवटा असलेला मासा जगभरच्या ग्रंथालयांत भोयांनी दिलेल्या नावांनिशी पोहोचले. त्या भोयांपैकी एकाचाही उल्लेख त्याच्या निबंधात राहिला नसला तरी त्यांचे ज्ञान टिकले, ते नाव जातीला कायमचे चिकटल्यामुळे. दख्खनच्या जीवसृष्टीच्या अभ्यासात स्थानिक माहितगारांना मिळालेला एवढा ठळक मान पुढे फार क्वचित दिसतो.

त्यातील मळ्याचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. हा बोटभर लांबीचा मासा वेगवान ओढ्यांच्या खडकाळ तळाशी राहतो. त्याच्या खालच्या ओठाची वाढ होऊन तोंडामागे एक वर्तुळाकार चकती तयार झालेली असते. तिच्या आधाराने तो दगडाला चिकटतो, प्रवाह कितीही जोराचा असला तरी जागा सोडत नाही आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. पावसाळ्याच्या सुरुवातीला जे मासे प्रवाहाविरुद्ध वर सरकतात, ज्यांना या भागात ‘चढणीचे मासे’ म्हणतात, त्यांच्यातही तो असतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर गढूळ पाण्याच्या वासावर नदीतले मासे ओढ्यांत आणि ओढ्यांतून भाताच्या खाचरांत चढतात, तेथे अंडी घालतात आणि पाणी ओसरू लागले की परततात. खाचरांच्या बांधांवर आणि ओघळींच्या तोंडाशी ते धरण्याची चाल खानापूर, चंदगड, आजरा या घाटमाथ्याच्या तालुक्यांत पूर्वापार आहे. अंड्यांनी भरलेले मासे मोठ्या संख्येने धरण्यातला धोका आज ठळक दिसतो, परंतु खाचर आणि नदी यांच्यातील हा जुना दुवा समजून घेतल्याशिवाय येथील माशांच्या प्रजननाचे गणित उलगडत नाही.

इंग्रजी अमलाखालील पुढच्या नोंदी मात्र प्रशासकीय हद्दींनी कापल्या गेल्या. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेतील बेळगावचा खंड १८८४ मध्ये आणि कोल्हापूर संस्थानाचा खंड १८८६ मध्ये जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघाला. वेदगंगेचा आणि दूधगंगेचा उगम संस्थानात आणि संगमाकडचा भाग ब्रिटिश जिल्ह्यात, अशी स्थिती असल्यामुळे एकाच नदीचा वरचा अर्धा भाग एका ग्रंथात आणि खालचा दुसऱ्या ग्रंथात गेला. सीमाप्रश्नाची सुरुवात १९५६ मध्ये झाली असे सामान्यतः मानले जाते आणि राजकारणापुरते ते खरेही आहे. नदीच्या ज्ञानाची फाळणी मात्र त्याआधी सत्तर वर्षे झालेली होती.

वनस्पतींच्या बाबतीत चित्र थोडे बरे होते, कारण वनस्पतिशास्त्रज्ञ जिल्ह्यापेक्षा इलाख्याचा विचार करीत. डाल्झेल आणि गिब्सन यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ मध्ये आला, आणि थिओडोर कुक यांचा अधिक विस्तृत ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाला. कुक यांच्या पानांवर बेळगाव हे नाव वारंवार येते आणि त्यासोबत येते रिची या लष्करी वैद्याचे नाव, ज्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या परिसरात झाडाझुडपांचे नमुने गोळा केले होते. बेळगावला मोठी लष्करी छावणी असल्यामुळे असे अभ्यासू वैद्य येथे येत राहिले आणि या योगायोगाचा फायदा बेळगावच्या वनस्पतिज्ञानाला झाला.

या वनस्पतींमध्ये खरी बेटे आहेत ती ‘सडा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जांभ्याच्या पठारांवर. जांभा म्हणजे अतिवृष्टीत खडक कुजून, त्यातील विद्राव्य द्रव्ये वाहून जाऊन मागे राहिलेला लोहयुक्त लाल दगड. आंबोली, चौकुळ आणि चोर्ला या भागांतील असे सडे उन्हाळ्यात भाजलेल्या विटेसारखे कोरडे असतात, परंतु जून ते ऑक्टोबर या काळात त्यांच्या खळग्यांत वीतभर पाणी साचते आणि तेथे एक अल्पजीवी जलसृष्टी उभी राहते. गेंद या गटातील पांढऱ्या गोलसर तुऱ्यांच्या वनस्पती, दवबिंदू आणि सीतेची आसवे या त्यांतल्या ठळक जाती. मातीत नत्र जवळजवळ नसल्यामुळे यांतील काही वनस्पतींनी प्राणी खाऊन ती उणीव भरून काढली आहे. सीतेच्या आसवांच्या चिमुकल्या निळ्या-जांभळ्या फुलांखाली, पाण्यात आणि ओल्या मातीत, मोहरीच्या दाण्याहूनही लहान फुगे लागलेले असतात. फुग्यातील पाणी वनस्पती बाहेर टाकते, त्यामुळे आत दाब कमी होतो. दारावरच्या केसांना एखाद्या सूक्ष्म जलचराचा स्पर्श होताच दार आत उघडते आणि निमिषार्धात पाण्यासह तो जीव आत ओढला जातो. अशा सड्यापासून दुसरा सडा दऱ्यांनी आणि दाट रानाने तुटलेला असतो, त्यामुळे एका सड्यावरची वनस्पती शेजारच्या सड्यावर नसणे ही येथे नेहमीची गोष्ट आहे. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील श्रीरंग यादव आणि त्यांचे सहकारी यांनी या पाणथळ वनस्पतींवर दीर्घकाळ काम केले. यादव आणि सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ २००२ मध्ये निघाला. नदीकाठच्या वनस्पतींपैकी शेरणीचा उल्लेख येथे आवश्यक आहे. पात्रातील खडकांच्या फटीत मुळे रोवून उभे राहणारे हे चिवट झुडूप पुरात आडवे होते, आठवडाभर पाण्याखाली राहते आणि पूर ओसरला की पुन्हा उभे राहते. त्याच्या मुळांत अडकलेली माती आणि वाळू माशांच्या पिलांना व झिंग्यांना आसरा देते.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात माशांच्या अभ्यासाला पुन्हा जोर आला. मुंबई राज्याच्या मत्स्यविभागातील चं. वि. कुलकर्णी यांनी १९५२ मध्ये कृष्णा खोऱ्यातील एका विलक्षण माशाचे वर्णन केले. हा मासा इतर माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो आणि मच्छीमार त्याला ‘खवलेचोर’ म्हणत. कुलकर्णी यांनी साइक्सच्या परंपरेला अनुसरून निओट्रोपियस खवलचोर हेच नाव कायम केले. कळवार आणि केळकर यांचा कोल्हापूरच्या माशांवरील निबंध मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ मध्ये छापून आला, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर कोल्हापूरचे अभ्यासक साधारणपणे कागल आणि आजऱ्यापर्यंत थांबले, बेळगावकडचे अभ्यासक निपाणी आणि संकेश्वरपासून सुरुवात करू लागले. हिरण्यकेशी गडहिंग्लजहून संकेश्वरकडे वाहत राहिली, परंतु तिच्यातील माशांच्या याद्या दोन राज्यांच्या दोन मत्स्यविभागांत आणि दोन भाषांत होऊ लागल्या.

याच काळात नद्यांचे स्वरूपही बदलले. घटप्रभेवर धुपदाळचा बंधारा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच झाला होता आणि त्याच्या फुगवट्यात तयार झालेल्या उथळ पाण्यामुळे व बेटांमुळे तेथे पाणपक्ष्यांची मोठी वस्ती झाली. १९७४ मध्ये त्या भागाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. माणसाने अडवलेल्या पाण्यातून जीवसृष्टीला लाभ झाल्याचे हे या प्रदेशातील सर्वांत चांगले उदाहरण आहे. हिडकल, नविलुतीर्थ आणि काळम्मावाडी या धरणांनी मात्र वाहत्या पाण्याची मैलोन्‌मैल लांबी स्थिर पाण्यात बदलली, आणि मळ्यासारख्या प्रवाहप्रिय माशांच्या जागी स्थिर पाण्यात वाढणारे कटला, रोहू यांसारखे बाहेरून आणलेले मासे सोडण्यात आले. १९५२ मध्ये भारतात आलेला तिलापिया तर कोणी न सोडताही पसरत गेला, कारण मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते आणि त्यामुळे गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यातही त्याची संख्या वाढते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचा परिणाम अधिक गुंतागुंतीचा आहे: पावसाळ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या सुट्या फळ्या, काढलेले असताना चढणीच्या माशांना वाट मोकळी असते, परंतु पाऊस सरल्यावर बरगे घातले की नदी डोहांच्या मालिकेत तुटते, आणि उसाच्या शेतांतून उतरणारी खते व गावांचे सांडपाणी त्या डोहांत साठते. जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतील तरंगती वनस्पती अशाच खतावलेल्या संथ पाण्यावर माजते आणि खालच्या पाण्याला उजेड व हवा मिळू देत नाही. मासे मारण्यासाठी सुरुंग आणि विष वापरण्यावर १८९७ च्या मत्स्यविषयक कायद्यानेच बंदी घातलेली आहे. सव्वाशे वर्षांनंतरही ती पूर्णपणे पाळली जात नाही, ही या नद्यांची सर्वांत दुःखद बाब म्हटली पाहिजे.

असे असूनही शोध थांबलेले नाहीत, उलट गेल्या दोन दशकांत ते वाढले आहेत. बेळगाव जिल्ह्यातील चोर्ला येथून २००७ मध्ये देवगांडुळाची, म्हणजे पाय नसलेल्या, ओल्या मातीत राहणाऱ्या उभयचर प्राण्याची एक नवी जात वर्णिली गेली आणि तिला म्हादई नदीचे नाव मिळाले. हिरण्यकेशीतून २०१४ मध्ये पेथिया लाँगिकॉडा हा लहान, खवलेदार मासा नवी जात म्हणून नोंदला गेला. २०२० मध्ये आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या देवळाच्या कुंडातून आणि त्याला लागून असलेल्या प्रवाहातून शिस्टुरा हिरण्यकेशी या तळाशी राहणाऱ्या, मिशाळ, लांबट माशाचे वर्णन प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि बालसुब्रमण्यन यांनी केले. या माशाचा ज्ञात अधिवास एवढा अल्प आहे की महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये तेथील २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले. देवाच्या पाण्यातले मासे धरायचे नाहीत, हा नियम कोणत्याही अधिसूचनेच्या आधीपासून अशा कुंडांवर पाळला जात आला आहे, आणि अशा अनेक लहान जातींना आजवर जो आश्रय मिळाला तो बऱ्याच अंशी या श्रद्धेमुळे. याचा अर्थ श्रद्धा पुरेशी आहे असा होत नाही, कारण कुंडाचे पाणी ज्या रानातून झिरपते ते रान देवाच्या हद्दीत येतेच असे नाही.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने २०११ मध्ये पश्चिम घाटाच्या गोड्या पाण्यातील जीवांचे जे मूल्यमापन प्रसिद्ध केले, त्यात २९० जातींचे मासे, ७७ मृदुकाय प्राणी, १७१ चतुर व टाचण्या आणि ६०८ जलवनस्पती विचारात घेतल्या होत्या. त्यानंतर सापडलेल्या वरील जाती पाहता ती यादी अपुरी होती हे स्पष्ट होते, आणि अशा वेळी पाण्याचे मोठे स्थलांतर करणारे निर्णय जपून घ्यावे लागतात. म्हादई जलविवाद लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मंजूर केले असून कळसा आणि भांडुरा या नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळवण्याची योजना आहे. या वादात पिण्याचे पाणी, शेती आणि गोव्याच्या नदीमुखातील खारेपणा यांची चर्चा झाली, आणि ती आवश्यकही होती. परंतु लाखो वर्षे डोंगराच्या धारेने अलग ठेवलेल्या दोन नदीसंस्था एका कालव्याने जोडल्या गेल्यास त्यांतील मासे, अळ्या, वनस्पतींची बीजे आणि रोग एकमेकांत मिसळतील, या प्रश्नाला तिच्यात फारच थोडी जागा मिळाली.

जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी लागते. आजरा, गडहिंग्लज, चंदगड या महाराष्ट्रातील आणि संकेश्वर, निपाणी, खानापूर या कर्नाटकातील गावांनी आपापल्या नोंदवह्या नदीप्रमाणे, उगमाकडून संगमाकडे, एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या तर १८८४ पासून तुटलेली यादी प्रथमच जुळेल. त्यासाठी नदीकाठच्या जुन्या भोई, कोळी आणि अंबिगेर माणसांना विचारून प्रत्येक माशाचे मराठी आणि कन्नड नाव, तो कोणत्या डोहात मिळे आणि कोणत्या वर्षानंतर मिळेनासा झाला, हे त्यांच्या हयातीतच लिहून घ्यावे लागेल, आणि हे काम गावातील शिक्षकांनी व तरुणांनी येत्या पावसाळ्यापूर्वी हाती घ्यावे.